शिरीष म्हणजे कोणतं फूल, आत्या?

काठमांडू,
वैशाख, रविवार रात्र

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आता लिहिणं वगैरे संपलं गं माझं. बोटं ऐकत नाहीत." मी काही बोलायच्या आत "तिकडे पाऊस लागला का?" असं विचारून तू विषयही बदललास. पाऊस नाही लागला अजून. दुपारी ढग येतात, वारा सुटतो, धूळ उडते आणि संध्याकाळी आभाळ पुन्हा मोकळं. पण तुझं ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. मागे दादाची पोरं ओरडत असतात, आई मध्येच भाजीचं विचारते आणि तू सगळ्यांसमोर "बरी आहे मी" यापलीकडे काही सांगत नाहीस. म्हणून कागद घेऊन बसले. समोरासमोर जमत नसेल ते पत्रात लिहावं, हे मला तूच शिकवलंस.

सुरुवात एका फुलापासून करते. सध्या इथल्या रस्त्यांवर नीलमोहर फुललाय. दरबार मार्गावर तर दोन्ही बाजूंनी जांभळं छत झालंय. पुलचोकला मी बसची वाट बघत उभी राहते, तिथेही एक झाड आहे. पानं जवळजवळ नाहीतच, नुसती फुलं. सकाळी फुटपाथवर सडा पडलेला असतो. एक फूल उचलून बघितलं. लांबट घंटेसारखं, ओठाशी पाच पाकळ्या दुमडलेल्या, बोटांना किंचित चिकट, वास जवळजवळ नाहीच. आपल्या पुण्यातल्या कॉलेजच्या रस्त्यावर होता तोच हा. मी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना सहज विचारलं, याला नेपाळीत काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "शिरीष."

मी म्हटलं, शिरीष नव्हे हा! आपला शिरीष म्हणजे तुझ्या शाळेच्या मैदानाच्या कडेला होता तो. फिकट हिरवट-पांढऱ्या तंतूंचा गोंडा, पावडर लावायच्या पफसारखा, संध्याकाळी लांबून वास येणारा. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळायच्या. तो शिरीष कुठे आणि हा जांभळा परदेशी पाहुणा कुठे! पण त्या बाईंनी ठाम मान हलवली आणि बसमध्ये चढता चढता म्हणाल्या, "शिरीषको फूल. पारिजातको."

आता बघ, एका वाक्यात दोन फुलं, आणि मला वाटलं बाई झाडांबद्दलच बोलताहेत. पारिजात म्हणजे आपला प्राजक्त. तुझ्या परसातला, आडाशेजारचा. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मी हे माझ्या एका पेशंटला सांगितलं. त्या शाळेत नेपाळी शिकवून निवृत्त झाल्यात, सगळे त्यांना गुरुआमा म्हणतात. दोन्ही हातांना संधिवात. बोटं करंगळीकडे कललेली, मधले सांधे ताठ. मेणाच्या शेकासाठी आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतात. माझं ऐकून त्या इतक्या हसल्या की मेणात बुडवलेला हात बाहेर आला. मग म्हणाल्या, "छोरी, पारिजात झाड होइन, मान्छे हो." झाड नव्हे, माणूस आहे ती. पुढच्या खेपेला त्यांनी मला एक पातळसं पुस्तक आणून दिलं. 'शिरीषको फूल', लेखिका पारिजात. पिशवीतून पुस्तक काढताना त्यांनी ते बोटांनी धरलं नाही. दोन्ही तळहातांत दाबून, पूजेचं ताट धरावं तसं धरलं होतं. आणि पान उलटताना मनगटाच्या कडेने उलटलं. हे मला तुला आधी सांगायचंय, कारण तू म्हणतेस पुस्तकसुद्धा धरवत नाही.

तर ही पारिजात. खरं नाव विष्णुकुमारी वाइबा. १९३७ साली दार्जिलिंगजवळच्या लिंगिया चहाच्या मळ्यात जन्म. वाइबा हे तमांगांमधलं कूळ. म्हणजे भारतात जन्मलेली, तमांग घरातली मुलगी, जिने नेपाळी भाषेत लिहिलं आणि आज नेपाळ जिला आपली म्हणतो. आई लहानपणीच गेली. त्यापाठोपाठ मोठा भाऊ पाण्यात बुडून गेला. वडील डॉक्टर होते, मानसशास्त्राचा अभ्यास केलेले, वाचणारे. घरात पुस्तकं होती, आजी-आजोबा होते. त्या लहानपणाबद्दल तिने पुढे आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचं नाव ऐक: 'धूपी, सल्ला र लालीगुराँसको फेदमा'. धूपी आणि सल्ला ही तिथली उंच सूचिपर्णी झाडं, लालीगुराँस म्हणजे डोंगरात फुलणारा तो लालभडक ऱ्होडोडेंड्रॉन, नेपाळचं राष्ट्रीय फूल. या झाडांच्या पायथ्याशी गेलेलं बालपण. गुरुआमांनी नाव उच्चारलं तेव्हा अर्थ कळायच्या आधीच मला ते आवडलं. आपल्याकडे असं नाव असतं तर तू फळ्यावर लिहून मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं असतंस.

१९५४ साली ती घरच्यांबरोबर काठमांडूला आली. राणांची शंभर वर्षांची सत्ता जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. शाळा उघडत होत्या, छापखाने सुरू होत होते, मासिकं निघत होती. तिने इथे पद्मकन्या शाळेत शिक्षण पुरं केलं, पुढे बी. ए. केलं. कविता छापून यायला लागल्या, 'धरती' नावाच्या मासिकात पहिल्यांदा. आणि नाव घेतलं पारिजात. वडिलांचं नाही, कुळाचं नाही, नुसतं एक फूल. मला तुझी सत्यभामेची गोष्ट आठवली. झाड लावलं सत्यभामेच्या अंगणात आणि फुलं पडायची रुक्मिणीच्या. झाड दार्जिलिंगचं, फुलं काठमांडूत.

आणि मग सव्विसाव्या वर्षी अंगाचा काही भाग लुळा पडला. त्याआधीही दुखणं होतंच, पण त्यानंतर ती फारशी घराबाहेर पडूच शकली नाही. लग्न केलं नाही. धाकटी बहीण सुकन्या, तिने शेवटपर्यंत तिचं सगळं केलं. गुरुआमा म्हणतात, पारिजातचं नाव घ्यायचं तर सुकन्याचं घेतल्याशिवाय घेऊ नये. मला ते पटलं. आत्या, रोज कुणीतरी केस विंचरून दिले, उठवून बसवलं, पाणी पुढ्यात ठेवलं, तेव्हा कुठे एक पान लिहून होतं. मी हे काम करते म्हणून मला ठाऊक आहे.

मला तिच्या आजाराचं कौतुक करायचं नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. "बघा, एवढं दुखणं असून किती केलं" असं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. दुखण्याने कुणी मोठं होत नाही. दुखणं माणसाला थकवतं, चिडकं करतं, रात्रीची झोप खातं. ती मोठी होती ती तिच्या लिहिण्यामुळे. ते दुखण्याच्या शेजारी बसून लिहिलं गेलं, एवढंच.

१९६५ साली 'शिरीषको फूल' आली आणि त्याच वर्षाचा मदन पुरस्कार तिला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली बाई. वय अठ्ठावीस. इथे सालं विक्रम संवतात मोजतात, त्यामुळे पुस्तकांवर हे साल २०२२ असं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी गोंधळलेच होते.

पण या पुरस्काराची एक गोष्ट मला फार लागली. तो राणी जगदंबाकुमारीने आपल्या नवऱ्याच्या, जनरल मदन शमशेर राणांच्या, स्मृतीसाठी सुरू केलेला. याच राणांच्या घराण्यातल्या जंगबहादूरने १८५४ साली देशाचा कायदा लिहून काढला, मुलुकी ऐन. त्यात सगळ्या जातीजमाती वरून खाली लावल्या होत्या आणि तमांगांना अशा गटात टाकलं होतं की ज्यांना गुलाम करता येत असे. जातीची ही उतरंड कायद्यातून गेली १९६३ साली. म्हणजे कादंबरीच्या आधी फक्त दोन वर्षं. आणि एका तमांग मुलीने त्या राणा घराण्याच्या नावाचा, भाषेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार घेतला. यावर कुणी भाषण केलं असेल-नसेल, पण मला हे वाचून बसल्या जागी अंगावर काटा आला. आपल्याकडे दया पवारांचं, बेबीताई कांबळेंचं पुस्तक तूच मला वाचायला दिलं होतंस. तेव्हा तू म्हणाली होतीस, पुस्तकाआधी त्या माणसाला लिहायला बसायची जागा कुठून मिळाली ते बघ. तीच नजर इथे वापरली.

आता कादंबरीबद्दल. नेपाळी मी अजून अडखळतच वाचते, पण लिपी आपलीच. पहिली दोन-तीन पानं मोठ्याने वाचली की कान उघडतो. बाटो म्हणजे वाट, सपना म्हणजे स्वप्न, बहिनी म्हणजे धाकटी बहीण. (भाजीवाली मला बहिनी म्हणते, आणि मी कितीतरी दिवस वहिनी ऐकत होते.) तुला जमेल. तुझं संस्कृत आहे, माझ्यापेक्षा लवकर जमेल.

गोष्ट सांगतो तो सुयोगवीर नावाचा माणूस. चाळिशी ओलांडलेला, एकटा, फौजेतून परतलेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढलेला. दारूच्या गुत्त्यात त्याची शिवराज नावाच्या तरुणाशी ओळख होते, तो त्याला घरी नेतो. घरात शिवराजच्या तीन बहिणी. मधली सकंबरी. काटकुळी, केस बारीक कापलेले, सिगारेट ओढणारी आणि बोलण्यात अशी धारदार की समोरच्याला आपण काय बोललो याचीच लाज वाटावी. हा तिच्याकडे ओढला जातो. बोलून काही दाखवत नाही, येत-जात राहतो. आणि मध्ये मध्ये त्याला ब्रह्मदेश आठवतो. तिथल्या बायका, ज्यांना त्याने युद्धाच्या आडोशाने नासवलं. हे तो स्वतः सांगतो, न रडता, न माफी मागता. एक दिवस बागेत, न विचारता, तो सकंबरीचं चुंबन घेतो. ती काहीच बोलत नाही. ओरडत नाही, तक्रार करत नाही. त्यानंतर ती आजारी पडते आणि मरते.

एवढीच गोष्ट. मी रात्री अडीच वाजता संपवली आणि दिवा घालवायचं सुचेना.

तुझ्या वर्गात तू कुमारसंभवातला तो श्लोक शिकवायचीस. मेना उमेला तपापासून परावृत्त करते तो. कोवळं शिरीषाचं फूल भुंग्याचं पाऊल सोसेल, पाखराचं नाही सोसणार. तू हाताने करून दाखवायचीस, एक बोट हलकेच टेकवून भुंगा आणि मग पाची बोटांचा पंजा करून पाखरू. पुस्तक मिटलं तेव्हा मला तुझा तो हात दिसला. सुयोगवीरला वाटतं आपण भुंगा आहोत, हळुवार आहोत, आपलं प्रेम आहे. आणि तो असतो पाखरू. ब्रह्मदेशातून तेच पंजे घेऊन परतलेला. आईसुद्धा अशी गोष्ट वाचून म्हणेल, "एवढ्याशाने कुणी मरतं का?" पण मला वाटतं पारिजातने मुद्दामच ते "एवढंसं" ठेवलं. मोठा अत्याचार ब्रह्मदेशात झाला, तो कुणी मोजला नाही. इथे बागेतला एक क्षण, आणि त्यात सगळ्या बायकांचा हिशोब.

आणि हे सगळं तिने पुरुषाच्या तोंडून लिहिलं. खोलीत बसलेल्या, युद्ध न बघितलेल्या, अठ्ठावीस वर्षांच्या बाईने एका थकलेल्या शिपायाच्या डोक्यात शिरून. कुठेही त्याला राक्षस केलं नाही. तो आपल्याला कळतो, हीच तर भीती वाटते.

शिपाई म्हटल्यावर लाहुरे हा शब्द सांगायलाच हवा. पूर्वी डोंगरातली पोरं लाहोरला जाऊन फौजेत भरती व्हायची, म्हणून लाहुरे. आता आखाताला मजुरीला गेलेल्यालाही लाहुरेच म्हणतात. पारिजातची एक प्रसिद्ध कविता आहे, 'लाहुरेलाई एक रोगी प्रेमिकाको पत्र'. आजारी प्रेयसीने परदेशी गेलेल्या शिपायाला लिहिलेलं पत्र. गुरुआमांनी ती मला पाठ म्हणून दाखवली, डोळे मिटून. मला आपलं गाव आठवलं. आपशिंग्याकडच्या त्या गावांमध्ये घरटी एक माणूस फौजेत, आणि मराठा पलटणीही त्याच ब्रह्मदेशात लढल्या. आजीच्या ट्रंकेत तिच्या दिराची पत्रं होती, ती तूच मला वाचून दाखवली होतीस. त्यांना गेलेली उत्तरं मात्र घरात कुणाकडेच नव्हती. बायकांनी काय लिहून पाठवलं असेल, किंवा कुणाकडून लिहवून घेतलं असेल, हे या कवितेमुळे पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

कविता तिच्या संख्येने फार नाहीत. 'आकांक्षा', 'पारिजातका कविता', 'बैंसालु वर्तमान' असे संग्रह आहेत. बैंस म्हणजे तारुण्य, भर. कादंबऱ्या मात्र एकामागून एक आल्या: 'महत्ताहीन', 'बैंसको मान्छे', 'तोरीबारी, बाटा र सपनाहरू', 'अन्तर्मुखी', 'उसले रोजेको बाटो', 'पर्खालभित्र र बाहिर', 'अनिँदो पहाडसँगै'. कथांचेही संग्रह आहेत. तोरीबारी म्हणजे मोहरीचं शेत. मी सगळं वाचलेलं नाही, नुसती दीड कादंबरी आणि काही कथा झाल्यात, पण यादी लिहून काढली कारण मला ती लिहिताना बरं वाटलं. घराबाहेर न पडणाऱ्या बाईच्या पुस्तकांच्या नावांत किती वाटा, किती डोंगर आहेत बघ.

माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून राहिली ती तिची खोली. ती बाहेर जाऊ शकत नव्हती, म्हणून बाहेरचं जग आत आलं. साठच्या दशकात राल्फा नावाचा तरुण मुलांचा एक गट होता, कवी आणि गाणारे. त्यांचं बसण्या-उठण्याचं ठिकाण म्हणजे पारिजातचं घर. मंजुल, रमेश, रायन ही त्यातली नावं इथे अजून लोकांच्या तोंडी आहेत. १९६० साली राजा महेंद्रने निवडून आलेलं सरकार बरखास्त करून पक्षांवर बंदी घातली होती, पुढे तीस वर्षं पंचायत राजवट होती. असल्या दिवसांत ही मुलं त्या खोलीत जमायची, भांडायची, गायची, चहा-सिगारेट चालायची. पुढे ती डोंगरातल्या गावोगाव पायी फिरून लोकांची गाणी गाऊ लागली. आणि पारिजातही तशीच चालत गेली, खुर्चीत बसून. पहिल्या कादंबरीतली ती, जिला जगण्यात काही अर्थच दिसत नव्हता, हळूहळू डावीकडे वळली. 'अनिँदो पहाडसँगै' मध्ये झापा जिल्ह्यातल्या उठावाची पार्श्वभूमी आहे. राजकीय कैद्यांसाठी बंदी सहायता नियोग नावाची संस्था उभी राहिली, त्यात ती होती. बायकांच्या संघटनेत होती, मानवी हक्कांच्या कामात होती. जिला स्वतःला खोलीबाहेर पडता येत नाही तिने तुरुंगातल्यांची काळजी करावी, हे मला फार खरं वाटतं. भिंती कशा असतात ते तिला माहीत होतं.

इथे माझं आणि गुरुआमांचं भांडण आहे. मला पहिलीच कादंबरी सगळ्यात मोठी वाटते. नंतरच्या लिखाणातलं मी जेवढं वाचलं, त्यात कधी कधी माणसं एखादी बाजू मांडायला उभी केल्यासारखी वाटतात. गुरुआमांना हे अजिबात मान्य नाही. त्या म्हणाल्या, "तू आज वाचतेस. आम्ही तेव्हा वाचलं जेव्हा आमचे विद्यार्थी आत होते. 'शिरीष' वाचून आम्ही रडलो, पण नंतरची पुस्तकं वाचून आम्ही उठलो." मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे असा वाद झाला असता तर तू कुणाच्या बाजूने असतीस? मला वाटतं तू गुरुआमांच्या बाजूने गेली असतीस आणि मग स्वयंपाकघरात येऊन हळूच मला म्हणाली असतीस, पहिलंच चांगलंय गं.

१९९० साली लोकांच्या आंदोलनाने पंचायत राजवट गेली. ती ते बघायला होती. मग तीनच वर्षांनी, १८ एप्रिल १९९३ ला गेली. पंचावन्न-छप्पन्न वर्षांची. तुझ्याहून चौदा वर्षांनी लहान, आत्या.

गेल्या शनिवारी (इथे सुट्टी शनिवारी असते) मी पाटण ढोक्याला मदन पुरस्कार पुस्तकालय बघायला गेले. नेपाळी भाषेत छापलेलं जे जे हाती लागेल ते जपून ठेवणारी जागा. २०१५ च्या भूकंपात त्या इमारतीचं बरंच नुकसान झालं होतं, तेव्हा पुस्तकं हलवायला स्वयंसेवक आले होते म्हणे. मला एकाएकी तुझ्या वह्या आठवल्या. पाटावरच्या पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या. सात की आठ? त्यातली निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यात तू पावसाळ्याच्या कविता लिहिल्यास, ती मी दहावीत चोरून वाचली होती. तुला आजपर्यंत सांगितलं नाही. त्यातली आडाच्या रहाटावरची कविता मला अजून येते.

दादाला एक विचारायला सांगितलं होतं, ते त्याने केलं. आपल्या कॉलनीच्या फाटकावरचे काका, ज्यांना आपण सगळे इतकी वर्षं नुसतं बहादूर म्हणत आलो. त्यांचं खरं नाव दादाने विचारलं. तेही तमांगच निघाले. दादाने त्यांना पारिजात म्हणून विचारलं तर ते उठून उभेच राहिले आणि म्हणाले, शाळेत धडा होता. एवढी वर्षं दिवाळीला आपण त्यांना फराळ देतो, आणि नाव विचारलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं. तू दुपारी गॅलरीत बसतेस तेव्हा त्यांना वर बोलाव. पहिलं पान ते वाचतील, उच्चार त्यांचा, अर्थ तुझा. मी दादाशी बोलून ठेवलंय. त्यांची ड्यूटी चारला बदलते.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात इथली एक मैत्रीण मुंबईला येतेय, तिथून दादाच्या हाती पिशवी पोचेल. तीत 'शिरीषको फूल' आहे. पुस्तक बोटांनी धरू नकोस, उशीवर ठेव, तळहातांनी उघड आणि पान मनगटाच्या कडेने उलट. गुरुआमांची पद्धत, मी रोज बघते, जमतं. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात दहा मिनिटं ठेवायचे, त्यातच हळूहळू मूठ मिटायची, उघडायची, ताकद लावायची नाही. बोटं सुजून लाल झाली असतील त्या दिवशी व्यायाम नाही, नुसती विश्रांती. गोळ्या वेळेवर. दुखलं तरी चालेल म्हणून ओढून काही करायचं नाही, हे मी भाची म्हणून नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगतेय.

पिशवीत पुस्तकाच्या खाली एक पेन आहे. साधंच आहे, पण मी त्याच्यावर फोमची नळी चढवलीय, केळ्याएवढी जाड झालीय पकड. असं पेन धरायला बोटं वळावी लागत नाहीत, मुठीत बसतं. अक्षर मोठं येईल आणि वाकडं येईल. येऊ दे. दिवसाला चार ओळी. आणि ज्या दिवशी पेन नको वाटेल त्या दिवशी वहिनीला बसव आणि तू सांग, ती लिहील. तिची मराठी चांगली आहे, तूच म्हणतेस.

त्या चार ओळींत मला आधी एकच लिहून पाठव. तुझ्या शाळेच्या मैदानातला शिरीष अजून आहे का, आणि या वर्षी फुललाय का. वहिनीला सांगून गोंडा एक पाकिटात घालून पाठवता आला तर बघ. वाळला तरी चालेल, गुरुआमांना दाखवायचाय. त्या बदल्यात हे नीलमोहराचं एक फूल ठेवतेय, वाटेत काळं पडेल बहुतेक. इथे याला शिरीष म्हणतात.

आईला, बाबांना नमस्कार. पोरांना पापा. गॅलरीत संध्याकाळी शाल घेऊन बस.

तुझी,
चिऊ